पांढऱ्या झिलईखालची माती: मेक्सिकोच्या तालावेराची गोष्ट

माझ्या टेबलावर तळहाताहून लहान अशी एक फरशी आहे, मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरातली. सायीच्या रंगाची पांढरी, त्यावर गडद निळी वेल आणि मधोमध एक पिवळे फूल. प्रवासात तिचा एक कोपरा उडाला. पहिल्यांदा फार वाईट वाटले, पण आता मी पाहुण्यांना आधी तोच कोपरा दाखवते. वर पांढऱ्या काचेचा पातळ थर, नखाच्या जाडीचा. त्याच्या खाली लगेच फिकट तांबूस, विटेसारखी खरबरीत माती. येणारा जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो, "चिनी मातीची ना?" नाही. ती चिनी मातीची नाही, आणि नाही म्हणूनच ती जन्माला आली.

आपण मराठीत कपबशी, बरणी, बाथरूमची फरशी या सगळ्यांना सरसकट चिनी माती म्हणून टाकतो. खरी चिनी माती म्हणजे पोर्सेलीन. तिच्यासाठी केओलिन नावाची विशिष्ट पांढरी माती लागते आणि साधारण 1300 अंश सेल्सिअसची आच लागते. असे भांडे फुटले तरी आतून पांढरेच दिसते, कारण त्याचे अंगच पांढरे असते. चीनने हे साधले आणि पुढे कित्येक शतके बाकीचे जग त्या पांढऱ्या भांड्यांकडे नुसते बघत राहिले. तशी माती हाताशी नव्हती आणि तेवढी आच धरणाऱ्या भट्ट्याही नव्हत्या.

नवव्या शतकात इराकमधल्या, विशेषतः बसऱ्याच्या कुंभारांनी यावर एक तोड काढली. भांडे पांढरे करता येत नसेल, तर त्याचा अंगरखा पांढरा करायचा. त्यासाठी त्यांनी वापरले कथील.

कथील म्हटले की आपल्याला कल्हई आठवते. तापलेल्या पितळी पातेल्यात नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवणारा कल्हईवाला अनेकांनी लहानपणी पाहिला असेल. कल्हई हा शब्दच मुळी अरबीतून आला, आणि तिथे त्याचा अर्थ कथील. कल्हईत कथील धातू म्हणूनच भांड्याला चिकटते. बसऱ्याच्या कुंभारांनी केले ते वेगळे. त्यांनी कथील जाळून त्याची पांढरी भुकटी केली आणि ती काचेत मिसळली.

मातीच्या भांड्यावरची झिलई म्हणजे शेवटी काचच. वाळूत सिलिका असते, पण ती एकटी वितळायला प्रचंड आच लागते. तिच्यात शिसे मिसळले की ती बऱ्याच कमी आचेवर वितळते आणि भांड्यावर गुळगुळीत, चकचकीत थर धरते. हा थर पारदर्शक असतो, त्यामुळे खालची तांबडी माती तांबडीच दिसते. आता यात कथलाची भुकटी घाला. ती वितळलेल्या काचेत पुरती विरघळत नाही. तिचे अतिसूक्ष्म स्फटिक काचेत तरंगत राहतात, आणि आत शिरलेला प्रकाश त्यांच्यावर आपटून चहूकडे विखुरतो. दूध पांढरे दिसते ते असेच. दुधात पांढरा रंग कुठेच नसतो, असतात ते स्निग्धाचे आणि प्रथिनांचे बारीक कण आणि त्यांच्यावरून विखुरणारा प्रकाश. कथलाची झिलई म्हणजे असे गोठलेले दूध म्हणा. त्याच्याआडची माती दिसेनाशी होते.

ही युक्ती अरबांबरोबर उत्तर आफ्रिकेतून स्पेनला गेली. तिथून ती इटलीत पोचली, मग फ्रान्समध्ये आणि हॉलंडमध्ये. गाव बदलले की नाव बदलले. माजोर्का बेटावरून माजोलिका आले, इटलीतल्या फाएन्झा शहरावरून फायान्स आले, आणि डच डेल्फ्टची निळी-पांढरी भांडीही याच घराण्यातली. पोर्तुगीजांच्या रंगीत फरशा, ज्यांना अझुलेजो म्हणतात, त्या याच कुळातल्या. पणजीला कधी गेलात तर इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनात जरूर डोकवा. भिंतीभर निळ्या-पांढऱ्या अझुलेजोंमध्ये पोर्तुगीज कवी कामोइंशच्या महाकाव्यातली दृश्ये रंगवली आहेत. जोर्जे कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराचे ते 1935 सालचे काम. पुएब्लाच्या फरशीची ती गोव्यातली चुलत बहीण समजा.

स्पेनमध्ये या कामाची जी मोठी केंद्रे होती, त्यातले एक म्हणजे तालावेरा दे ला रेइना हे गाव. तिथल्या भांड्यांना इतका मान होता की पुढे मेक्सिकोतल्या भांड्यांनाही त्याच गावाचे नाव पडले. आज जगात नुसते 'तालावेरा' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे स्पेन येत नाही, मेक्सिको येते.

मेक्सिकोत कुंभारकाम स्पॅनिशांनी नेले, असे कुणी लिहिले की मला राग येतो. पुएब्लाच्या शेजारी, पायी जाण्याच्या अंतरावर, चोलुला आहे. स्पॅनिश येण्याआधी तिथली बहुरंगी भांडी साऱ्या प्रदेशात नावाजलेली होती. अस्तेक सम्राट मोक्तेसुमाला चोलुलाच्या तांबड्या आणि काळ्या भांड्यांतून जेवण वाढत, असे त्याच्या दरबारात वावरलेल्या बेर्नाल दियास या स्पॅनिश सैनिकाने लिहून ठेवले आहे. तिथल्या कुंभारांकडे चाक नव्हते. ती भांडी हाताने आणि साच्यांवर घडवलेली होती, आणि घोटून घोटून आणलेली त्यांची चकाकी कुठल्याही झिलईशिवायची होती. स्पॅनिशांनी नेल्या त्या तीन गोष्टी: पायाने फिरवायचे चाक, बंद भट्टी आणि शिसे-कथलाची झिलई. मातीची पारख आणि मातीत मुरलेले हात तिथे हजारो वर्षे होतेच.

पुएब्ला शहर 1531 साली वसले, तेही मुद्दाम स्पॅनिश वस्तीसाठी. जागा मोक्याची होती. युरोपची जहाजे लागत ते वेराक्रूझ बंदर एका बाजूला आणि राजधानी मेक्सिको सिटी दुसऱ्या बाजूला, आणि पुएब्ला त्या वाटेवर. आसपास चांगली माती होती. नवी देवळे आणि मठ उभे राहत होते, त्यांना फरशा हव्या होत्या, औषधशाळांना बरण्या हव्या होत्या. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे कथलाच्या झिलईची भांडी बनू लागली, आणि सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कारागीर इतके वाढले की त्यांनी स्वतःची संघटना उभी केली. युरोपात अशा व्यावसायिक संघटनांना गिल्ड म्हणत. आपल्याकडे प्राचीन काळी कारागिरांच्या श्रेणी असत, साधारण तशाच.

1653 साली या गिल्डचे नियम ठरले. तालावेराचा इतिहास कुणाला एकाच कागदात वाचायचा असेल, तर मी हे नियम वाचायला सांगेन.

पहिली गोष्ट म्हणजे मालाच्या उंची, साधारण अशा प्रती ठरल्या. एका प्रतीचा माल दुसऱ्या प्रतीच्या नावाने विकायचा नाही. प्रतीचा निकाल कशावर लागायचा? मुख्यतः कथलावर. उंची मालाच्या झिलईसाठी एका अरोबा शिशाला सहा पौंड कथील, साध्या मालासाठी दोन पौंड. अरोबा म्हणजे 25 पौंड, साडेअकरा किलोच्या आसपास. म्हणजे उंची भांड्यात साध्या भांड्याच्या तिप्पट कथील. कथील महाग, शिसे स्वस्त. कथील मारले की पांढरा रंग फिका पडतो, खालची माती डोकावू लागते आणि गिऱ्हाईक फसते. दुधात पाणी घालणे कुठल्याही देशात नवे नाही, आणि गिल्डने ते नेमक्या वजनाने बांधून टाकले. प्रत्येक मालकाने मालावर आपली खूण करायची, असेही ठरले, म्हणजे खोट निघाली तर कुणाची ते कळावे. आज वस्तुसंग्रहालयात जुन्या बरण्यांवर जी अक्षरे किंवा चिन्हे दिसतात, ती त्या नियमाची देण आहे.

याच नियमांत एक कलम असे आहे की ते वाचून मन खट्टू होते. कृष्णवर्णीय, मुलाटो, म्हणजे मिश्र वंशाचा, किंवा 'गढूळ रंगाचा' कुणीही माणूस उस्ताद होण्याच्या परीक्षेला बसू शकणार नाही. शब्द अगदी असेच आहेत, गढूळ रंगाचा. परीक्षेशिवाय उस्तादपद नाही, आणि उस्तादपद नसेल तर स्वतःचे दुकान नाही. पण माती खणणारे, तुडवणारे, सरपण वाहणारे आणि भट्टी राखणारे हात कुणाचे होते? पुएब्लातल्या कारखान्यांत स्थानिक आदिवासी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेले लोक आणि मिश्र वंशाचे कामगार राबत होते. बंदी घालावी लागली, यातच त्यांच्यात उस्तादीच्या तोडीचे लोक होते हे आले. भांड्यावर खूण मालकाची. माझ्या फरशीचा उडालेला कोपरा पाहताना मला हे कलम दरवेळी आठवते.

1682 च्या सुमारास नियमांत भर पडली: उंची माल चिनी भांड्यांसारखा, भरपूर निळा रंगवावा. चीन मेक्सिकोत कसा पोचला? समुद्रावरून, आणि थेट. 1565 पासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, स्पॅनिशांची गलबते फिलिपिन्समधल्या मनिलाहून निघत आणि पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोच्या अकापुल्को बंदरात लागत. जाताना मेक्सिकोची चांदी, येताना चीनचे रेशीम आणि पोर्सेलीन. तो माल खेचरांवर लादून मेक्सिको सिटीला आणि तिथून पुएब्लामार्गे वेराक्रूझला जाई. त्यामुळे पुएब्लाच्या कुंभाराला चिनी भांडे ऐकून ठाऊक नव्हते. ते त्याच्या डोळ्यांसमोरून, त्याच्या गावातून जात होते.

गंमत बघा. बसऱ्याच्या कुंभाराने चीनची नक्कल करायला जी युक्ती काढली, ती पश्चिमेकडे सरकत सरकत स्पेन आणि अटलांटिक ओलांडून मेक्सिकोत आली, आणि चीनचे मूळ भांडे पूर्वेकडे निघून पॅसिफिक ओलांडून तिथेच आले. पृथ्वीला उलटसुलट वळसे घालून दोघांची गाठ पुएब्लात पडली. म्हणून त्या काळच्या बरण्यांवर चिनी पोशाखातली माणसे आणि लांब मानेचे पक्षी दिसतात, तर शेजारी अरबी वळणाची वेलबुट्टी आणि स्पॅनिश घराण्यांची मानचिन्हे. बरण्यांचा घाटही चिनी, पण त्यांना बसवलेली झाकणे लोखंडी आणि कुलपाची, कारण आत कोको असे. चॉकलेट पिणे तेव्हा श्रीमंतीचे लक्षण होते आणि कोकोची चोरी होत असे.

निळ्या रंगाबद्दल थोडे सांगायला हवे. तो कोबाल्टचा. कोबाल्ट बाहेरून आणावा लागे आणि महाग पडे, म्हणून निळा जितका जास्त तितके भांडे प्रतिष्ठेचे. पुएब्लाचे कारागीर तो दाट लावत, इतका दाट की भाजल्यावरही तो पृष्ठभागावर किंचित उठून राहतो. डोळे मिटून बोट फिरवले तरी निळी वेल हाताला लागते. माझ्या फरशीवर ती लागते. बाकीचे रंगही खनिजांचेच: तांब्याचा हिरवा, अँटिमनीचा पिवळा, लोहाचा नारिंगी, मँगनीजचा जांभळट आणि काळा.

आता हे बनते कसे ते बघू, कारण त्याची रीत फारशी बदललेली नाही. दोन माती घेतात, एक काळी आणि एक फिकट गुलाबी. एकीला चिवटपणा असतो, दुसरी तिला सावरते. दोन्ही पाण्यात कालवून गाळतात, खडे-कचरा काढतात आणि मग मुरत ठेवतात. ती जितकी मुरेल तितकी चांगली. मग जमिनीवर पसरून पायांनी तुडवतात, म्हणजे आतली हवा निघून सगळीकडे ओल सारखी होते. चाकावर किंवा साच्यावर भांडे घडले की सुकायला कित्येक आठवडे सावलीत. इथे घाई केली तर तडा ठरलेला. पहिली भाजणी साधारण 850 अंशांवर होते. बाहेर येते ते तांबूस, सच्छिद्र भांडे. कारागीर त्याला टिचकी मारून बघतो. खणखणीत वाजले तर ठीक, भद्द वाजले तर आत चीर आहे आणि ते बाजूला जाते. मडके विकत घेताना आपल्या आज्या हेच करायच्या.

पुढची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. भांडे झिलईच्या पातळ घोळात बुडवून काढतात. सच्छिद्र माती पाणी शोषून घेते आणि झिलईची भुकटी पृष्ठभागावर बसते. ती या वेळी काच नसते, खडूच्या थरासारखी पिठूळ असते. बोट लागले तरी खरवडते. या पिठूळ थरावर रंगवायचे असते. नक्षीसाठी कागदाला टाचणीने भोके पाडून तो भांड्यावर धरतात आणि वरून कोळशाची पूड थोपटतात, म्हणजे ठिपक्यांची रेघ उमटते. भोकांच्या कागदाची छापाची रांगोळी जिने काढली आहे, तिला हे लगेच कळेल. कोळसा भट्टीत जळून जातो. मग कुंचला. पण कोरडी भुकटी रंग टिपकागदासारखी क्षणात ओढून घेते. रेघ चुकली तर पुसता येत नाही, थबकले तर डाग पडतो. हात एका दमात फिरायला हवा. त्यात ओले रंग सगळे मळकट आणि जवळजवळ सारखे दिसतात. कोबाल्टचा निळा भट्टीतून बाहेर आल्यावरच निळा होतो. चित्रकार डोळ्यांनी एक रंग पाहतो आणि मनात दुसरा.

दुसरी भाजणी 1050 अंशांच्या आसपास. झिलई वितळते, रंग तिच्यात उतरतात आणि पांढऱ्या काचेचा भाग होऊन बसतात. कथलाची झिलई वितळली तरी घट्ट राहते, फारशी ओघळत नाही, म्हणून नक्षीची कड शाबूत राहते.

अठराव्या शतकात पुएब्लाने या फरशांनी घरे आणि देवळे मढवली. सांता रोसा मठाचे स्वयंपाकघर बघा: भिंती, ओटा, कमानी, छत, सगळे फरशांचे. मोले पोब्लानो, म्हणजे मिरच्या-चॉकलेटची ती प्रसिद्ध दाट ग्रेव्ही, याच स्वयंपाकघरात एका जोगिणीने पहिल्यांदा केली, अशी दंतकथा आहे. चोलुलाजवळ अकातेपेक गावात सान फ्रान्सिस्कोचे देऊळ आहे, त्याचा सगळा दर्शनी भाग फरशांचा. वळणदार खांब, कोनाडे, गोलवे, प्रत्येक वळणासाठी वेगळी फरशी घडवावी लागली असणार. आणि मेक्सिको सिटीच्या मधोमध कासा दे लोस असुलेहोस, 'फरशांचे घर', 1737 मध्ये निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेला वाडा. 

मग उतरती कळा लागली. 1810 ते 1821 स्वातंत्र्ययुद्ध झाले, गिल्ड संपले, आणि स्वस्त, हलकी, कारखान्यात ठशांनी छापलेली इंग्लंडची भांडी बाजारात आली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोजके कारखाने उरले. 1897 मध्ये एन्रिके लुइस वेन्तोसा हा बार्सिलोनाचा तरुण पुएब्लाला आला आणि या भांड्यांच्या प्रेमात पडला. त्याने जुनी नक्षी अभ्यासली, नवी घातली, आणि उरियार्ते कुटुंबाच्या 1824 पासून चालत आलेल्या कारखान्यात काम उभे केले. अमेरिकेत एडविन बार्बर या अभ्यासकाने 1908 मध्ये मेक्सिकन माजोलिकावर पुस्तक लिहिले. एमिली डी फॉरेस्ट यांनी आपला संग्रह 1911 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. बाहेरच्यांनी मोल केल्यावर घरच्यांचे लक्ष गेले, हे आपल्याही ओळखीचे आहे.

फुटक्या तालावेराचाही उपयोग आहे, तो पुरातत्त्वज्ञांना. पुएब्लाची भांडी क्युबा, ग्वातेमाला, फ्लोरिडापर्यंत जात. नक्षीची ढब काळानुसार बदलत गेली, त्यामुळे फ्लोरिडातल्या एखाद्या जुन्या वस्तीत पुएब्लाचा निळा-पांढरा तुकडा मिळाला, की त्या थराचा काळ ठरवायला मदत होते. आणि तुकडा स्पेनचा की मेक्सिकोचा? नक्षीवरून फसगत होऊ शकते. तेव्हा झिलईखालच्या मातीतल्या मूलद्रव्यांचे प्रमाण मोजतात. अंगरखा नक्कल करू शकतो, माती आपले गाव सांगते.

आज 'तालावेरा' हे नाव कायद्याने राखीव आहे, आपल्या पैठणीला जसे भौगोलिक मानांकन आहे तसे. 1995 मध्ये मानांकन मिळाले आणि 1997 मध्ये त्याची हद्द वाढली. पुएब्ला राज्यातले पुएब्ला, चोलुला, अत्लिस्को, तेकाली हे भाग आणि शेजारच्या त्लास्कालातले सान पाब्लो देल मोन्ते, एवढ्यांनाच ते नाव लावता येते, तेही ठरलेली माती, रीत आणि रंग पाळून. सान पाब्लोला नंतर घेतले याचा मला आनंद वाटतो, कारण आधीच्या हद्दीत ते नव्हते. ग्वानाहुआतो राज्यातल्या दोलोरेस इदाल्गो गावीही रंगीत झिलईची भांडी ढिगांनी बनतात, पण ती तालावेरा म्हणून विकता येत नाहीत. म्हणून ती कमअस्सल ठरत नाहीत. त्याच राज्यातल्या गोर्की गोन्सालेस या कलावंताने जपानमध्ये शिकून येऊन तिथली जुनी माजोलिका पुन्हा उभी केली आणि 1992 चे राष्ट्रीय पारितोषिक मिळवले. 2019 मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशाच्या यादीत तालावेराची कृती घेतली, ती मेक्सिकोच्या पुएब्ला-त्लास्काला आणि स्पेनच्या तालावेरा दे ला रेइना, एल पुएन्ते देल आर्सोबिस्पो या चारही ठिकाणांच्या नावे.

एक काळजीचे बोलते. झिलईत शिसे आहे हे ऐकून कुणीही दचकेल, आणि दचकावेच. नीट न भाजलेल्या शिशाच्या झिलईतून चिंच, लिंबू, टोमॅटो असे आंबट पदार्थ शिसे ओढून घेतात. मेक्सिकोत स्वस्त, कमी आचेवर भाजलेल्या भांड्यांमुळे शिशाची विषबाधा हा आजही खरा प्रश्न आहे. प्रमाणित तालावेराला शिसे सुटण्याची मर्यादा पाळावी लागते. बाजारातल्या कुठल्याही बिनशिक्क्याच्या भांड्यात मात्र आमटी वाढू नका, ते भिंतीवर टांगा.

आणि खरे ओळखायचे तर भांडे उलटे करा. तळाशी कारखान्याचे नाव आणि कारागिराची खूण असायला हवी. तळाच्या कडेला झिलई नसते, तिथे मातीचा रंग दिसतो. पांढरा रंग कागदासारखा शुभ्र असेल तर शंका घ्या, तो सायीकडे झुकलेला हवा. निळ्यावरून बोट फिरवा. टिचकी मारा. मी माझ्या फरशीच्या मागे पाहिले, तर तिथे काळ्या रंगात घाईने काढलेली दोन अक्षरे आहेत. 1653 मध्ये तिथे मालकाची खूण असायची. ही दोन अक्षरे जिने वा ज्याने वेल काढली, त्या हाताची आहेत.